प्रयोगशाळा सहाय्यकाचं पद भरा: पुण्यातल्या विद्यापीठांना खुलं पत्र

प्रति,
पुणे शहरातील विद्यापीठांचे कुलगुरू, व्यवस्थापन परिषदांचे सदस्य,
तसेच पर्यावरण-आरोग्य आणि विषशास्त्राच्या प्रयोगशाळा चालवणारे सर्व प्राध्यापक यांस,

स. न. वि. वि.

मी जून २०२१ अखेर प्रयोगशाळा सहाय्यक म्हणून निवृत्त झालो. १९८८ साली परिचर म्हणून लागलो होतो. तेहतीस वर्षं एकाच मजल्यावर, एकाच प्रयोगशाळेत काढली. पाण्यात, मातीत, हवेत आणि माणसाच्या रक्तात विष किती आहे आणि ते जिवाला काय करतं, हे मोजणं तिथलं काम. विद्यापीठाचं नाव इथे लिहीत नाही, कारण हे दुखणं एकट्या त्या विद्यापीठाचं नाही. इतर संस्थांतले माझ्या वयाचे सहकारी भेटतात, तेही हेच सांगतात.

माझी जागा अजून भरलेली नाही. आधी आरक्षणाची बिंदुनामावली तपासायची होती, मग पदांच्या आकृतिबंधाला मंजुरी यायची होती, मग भरतीवरच स्थगिती होती. मधल्या काळात दर वर्षी एक जाहिरात निघते: प्रकल्प सहाय्यक, एक पद, अकरा महिने, एकत्रित मानधन, मुलाखतीस स्वखर्चाने यावे.

मागच्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी विद्यापीठात गेलो होतो. काम झालं आणि पाय आपोआप वरच्या मजल्याकडे वळले. माशांच्या खोलीतल्या काचेच्या टाक्या कोरड्या करून उपड्या घातल्या होत्या. बाहेरच्या ओट्यापाशी एक मुलगी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. बीडकडची, एमएस्सी झालेली, चार महिन्यांपूर्वी प्रकल्पावर लागलेली. मी कोण ते कळल्यावर तिने कपाटातलं जुनं रजिस्टर काढलं आणि विचारलं, "काका, हे 'मु. ४ खा.' म्हणजे नक्की कुठे?"

'मु. ४' म्हणजे मुठेवरचं चौथं ठिकाण. 'खा.' म्हणजे खालच्या अंगाला. तिथे एक ओढा नदीला मिळतो. त्याचं पाणी नदीत पुरतं मिसळल्यावर, दीडशे पावलं खाली, एका उंबराजवळ उतरून आम्ही नमुना घ्यायचो. ही जागा १९९१ साली आमच्या तेव्हाच्या विभागप्रमुखांनी स्वतः चिखलात उतरून ठरवली होती. रजिस्टरात तेवढं खुलासेवार लिहिलेलं नव्हतं, कारण दर महिन्याला मीच जायचो. माझ्यानंतर जी तीन मुलं आली, त्यांनी गाडी जाते तिथवर जाऊन पुलापाशी पाणी घेतलं. ती जागा ओढ्याच्या वर आहे. त्यामुळे त्या ठिकाणचा बीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, २०२१ नंतर एकदम उतरलेला दिसतो. आलेख बघणाऱ्याला वाटेल, नदी सुधारली. नदी आहे तशीच आहे. पाणी घेणारा माणूस बदलला आणि त्याला जागा दाखवायला कुणी नव्हतं.

यात माझी चूक आहे. मी ते लिहून ठेवायला हवं होतं. पण निवृत्त होण्याआधी चार महिने मी अर्ज दिला होता की, माझ्या हाताखाली कुणीतरी द्या, सगळी ठिकाणं दाखवतो, सगळ्या पद्धती शिकवतो. उत्तर आलं ते शेवटच्या आठवड्यात: किल्ल्या आणि जडवस्तू रजिस्टर कार्यालयात जमा करावे.

मला आपल्याला एवढंच सांगायचं आहे की, विषशास्त्राची प्रयोगशाळा कायम माणसावाचून चालत नाही. तुमच्याकडे माणसं येतात, पण ती जाण्यासाठीच येतात, आणि तसंच असायला हवं. पीएचडी करणारा विद्यार्थी यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं असतो. प्रकल्प बहुतेक वेळा तीन वर्षांचा. प्रकल्पावरचं पोर अकरा महिन्यांचं. आणि आपण मोजतो काय, तर शिसं, जे एकदा हाडांत जाऊन बसलं की दशकंदशकं तिथेच राहतं. वीस वर्षांपूर्वीचा आकडा आजच्या आकड्याशेजारी ठेवायचा असेल, तर दोन्ही आकडे एकाच रीतीने काढलेले हवेत. ती रीत अर्धी कागदावर असते आणि अर्धी कुणाच्या तरी हातात असते.

शिशाचीच गोष्ट सांगतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. एक ग्रॅम शिसं दहा हजार लिटरच्या दहा टँकरांत सारखं मिसळलं, तर दहाही टँकर या मर्यादेला टेकतात. इतकं बारीक मोजायचं तर प्रत्येक बाटली नायट्रिक अॅसिडच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावी लागते, मग शुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा विसळावी लागते. नमुन्यांबरोबर एक 'ब्लँक' ठेवतात. ब्लँक म्हणजे नुसतं शुद्ध पाणी, पण त्यालाही नमुन्यासारखंच सगळ्या पायऱ्यांतून न्यायचं. ब्लँकमध्ये शिसं दिसलं तर ते पाण्यातलं नव्हे, आपल्याकडून गेलेलं.

२००९ साली ब्लँकचा आकडा चढायला लागला. फार नाही, थोडासा. प्रकल्पावरच्या मुलाला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याने नियमाप्रमाणे ब्लँक वजा केला आणि पुढे गेला. मी त्या यंत्रावर तो आकडा वर्षानुवर्षं पाहत होतो, माझ्या डोळ्याला तो खटकला. अॅसिडची बाटली बदलली, पाणी बदललं, यंत्राचा दिवा बदलला, फरक नाही. तिसऱ्या आठवड्यात काचसामान वाळवायच्या मांडणीकडे लक्ष गेलं. भांडारातून आलेली जुनी लोखंडी मांडणी, पिवळ्या तैलरंगाची, पोपडे निघालेली. एक पोपडा अॅसिडमध्ये विरघळवून यंत्राला दिला आणि काटा टोकाला गेला. जुन्या पिवळ्या रंगांत लेड क्रोमेट असायचं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत नव्वद भागांच्या, वर नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ मध्ये लागू झाला. ती मांडणी त्याच्या कितीतरी आधीची.

तीन आठवड्यांचं सगळं काम बाद केलं. त्यात एका वस्तीतल्या नळांचे नमुने होते. ते आम्ही पुन्हा दारोदार फिरून आणले. ती मांडणी सापडली नसती तर त्या घरांतल्या आयांना आम्ही सांगितलं असतं की तुमच्या पाण्यात शिसं आहे. तसं सांगितल्यावर त्यांनी काय केलं असतं, मुलांना कुठलं पाणी पाजलं असतं, याचा विचार आजही मनात येतो.

माशांबद्दलही लिहायलाच हवं, कारण त्या उपड्या टाक्या डोळ्यांपुढून जात नाहीत. आम्ही झेब्राफिश ठेवायचो. बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, अंगावर निळे पट्टे असलेला हा मासा आपल्याच गंगेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांतला. त्याचं शास्त्रीय वर्णन १८२२ साली झालं आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो आहे. त्याचं अंडं काचेसारखं पारदर्शक असतं, त्यामुळे आतल्या जिवावर विषाचा काय परिणाम होतो ते सूक्ष्मदर्शकातून रोज पाहता येतं. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २३६ क्रमांकाची चाचणी, २०१३ ची, याच अंड्यांवर होते. ९६ तास, दर २४ तासांनी पाहायचं: अंडं गोठून पांढरं झालं का, पाठीचे खंड पडले का, शेपूट बलकापासून सुटलं का, हृदय हलतं का. शिवाय अट अशी की, विष न घातलेल्या पाण्यातली शंभरातली निदान नव्वद अंडी जगली पाहिजेत. नाहीतर चाचणीच धरत नाहीत.

ही नव्वद अंडी जगवणं हे शिकवून येणारं आणि करून करून मुरणारं काम आहे. चौदा तास उजेड, दहा तास अंधार. उजेड लागला की मासे अंडी घालतात, म्हणून सकाळी सातला हजर राहायचं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशांना मारतो, म्हणून पाणी आधी भरून, हवा सोडून मुरवत ठेवायचं. महापालिकेने गुरुवारी पाणी बंद ठेवलं की 'शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने' जे पाणी येतं ते गढूळ असतं, ते टाकीत घ्यायचं नाही. त्याचा साठा बुधवारीच करायचा. पिल्लांना खायला लागणारे आर्टेमिया नावाचे बारीक जीव खाऱ्या पाण्यात आदल्या दिवशी उबवत घालायचे. माशांना सुट्टी नसते, लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही मी तिथे असायचो. घरच्यांनी ते समजून घेतलं, त्यांचे उपकार आहेत.

मासे कसे गेले, ते त्या मुलीने सांगितलं. आधीच्या मुलाचा करार मे महिन्यात संपला. नव्या करारावर सही व्हायला अठरा दिवस लागले. त्या अठरा दिवसांत खोलीचं तापमान कुणी पाहिलं नाही. एकवीस वर्षं सांभाळलेली माशांची पैदास संपली.

आता आपल्या इथल्या माणसांच्या आरोग्याविषयी. पर्यावरण-आरोग्याची प्रयोगशाळा म्हणताना तिच्यात काम करणाऱ्यांचं आरोग्य त्यात धरलं जात नाही, हे मी तेहतीस वर्षं पाहिलं. पूर्वी काचसामान क्रोमिक अॅसिडने धुवायची पद्धत होती. पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक अॅसिडचं ते तांबूस-नारिंगी मिश्रण. आमच्याकडे काचसामान धुणाऱ्या मावशी रोजंदारीवर होत्या. त्यांच्या बोटांवर बारीक, गोल, न भरणाऱ्या जखमा असायच्या. आम्ही त्या वेळी भोसरीच्या बाजूच्या सांडपाण्यात क्रोमियम मोजत होतो. सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोग करतं, कातडीला भोकं पाडतं, हे आमच्याच टेबलावरच्या पुस्तकात चित्रासह होतं. तरीही मावशींच्या हातांकडे पाहून हे तेच आहे, असं आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. एका बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी चहा घेताना त्यांचे हात पाहिले आणि विचारलं, तेव्हा ती पद्धत बंद झाली. मावशींना एक पैसाही मिळाला नाही, कारण हजेरीपटावर त्या कधीच नव्हत्या.

पाण्यातली घाण मोजणारी सीओडीची चाचणी अजून बहुतेक ठिकाणी डायक्रोमेटनेच होते, सोबत मर्क्युरिक सल्फेट आणि सिल्व्हर सल्फेट घालून. म्हणजे नदीचं प्रदूषण मोजताना दर बाटलीगणिक पारा आणि क्रोमियम असलेलं पाणी उरतं. ते बेसिनमध्ये ओतलं जातं की वेगळ्या कॅनमध्ये साठवून धोकादायक कचऱ्यात जातं, हे शेवटी बेसिनपाशी उभ्या असलेल्या माणसावर ठरतं. अकरा महिन्यांच्या माणसाला हे कुणी सांगितलेलं नसतं. कॅन भरला की कुणाला फोन करायचा, हेही त्याला माहीत नसतं.

आणखी एक प्रसंग. एका विद्यार्थिनीने आपण गरोदर आहोत हे पाचव्या महिन्यापर्यंत कुणाला कळू दिलं नाही. ती टोल्युइन नावाचं सॉल्व्हंट, म्हणजे विद्रावक, घेऊन काम करत होती. मला तिने नंतर सांगितलं, "काका, सांगितलं असतं तर काम काढून घेतलं असतं आणि फेलोशिप थांबली असती." बाळ सुखरूप झालं. पण पोटातल्या गर्भावर सॉल्व्हंटचा परिणाम शिकवणाऱ्या विभागात त्या मुलीला ही भीती वाटली, याचा दोष तिचा नाही.

म्हणून प्राध्यापकांना माझी विनंती आहे की, जागेची जाहिरात देताना खरं काम लिहा. कुठली रसायनं हाताळावी लागतील, महिन्यातून किती वेळा नदीवर जावं लागेल, सुट्टीच्या दिवशी माशांना कोण पाहणार, पैसे कुठल्या प्रकल्पातून येणार आणि तो प्रकल्प कधी संपणार. १ जानेवारी २०२३ पासून यूजीसीची जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप महिना ३७,००० रुपये आहे, हे सगळ्यांना पाठ असतं. ते हातात कधी पडतात, ते कुणी सांगत नाही. बीडकडच्या त्या मुलीचं मानधन तर जेआरएफच्या निम्मंही नाही, आणि तेही तीन महिने आलेलं नव्हतं. वारज्यात चौघीजणी एका खोलीत राहतात. तिने माझ्याकडे तक्रार केली नाही, मी विचारलं म्हणून सांगितलं. मुलगी हुशार आहे, हात स्वच्छ आहे, पिपेट धरते तेव्हाच कळतं. पुढच्या वर्षी ती तिथे नसेल.

शहराला या प्रयोगशाळांची गरज नाही असं कुणी म्हणू नये. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावर नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गुइलेन-बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले. तो जंतूंचा प्रश्न होता. कॅम्पायलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस शोधायला पुण्यात एनआयव्ही ही राष्ट्रीय विषाणू संस्था होती, १९५२ पासून आहे, कायम माणसांसह आहे, म्हणून काही दिवसांत उत्तर मिळालं. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीतले, ओळखीतले कितीतरी लोक मला विचारत होते की, आमच्या विहिरीचं पाणी जंतूंशिवाय बाकी कशासाठी तपासायचं तर कुठे द्यायचं? मी ज्या प्रयोगशाळेचं नाव अभिमानाने सांगितलं असतं, तिथे नमुना स्वीकारायला कुणी बसलेलं नव्हतं.

आपलं पाणी इथेच थांबत नाही, हेही लक्षात घ्या. मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. आळंदीला जिच्यावर पांढरा फेस तरंगताना सगळ्यांनी पाहिला, ती इंद्रायणी तुळापूरला मिळते. पुढे उजनी. उजनीचं पाणी सोलापूर पितं. तीच भीमा पंढरपूरला चंद्रभागा होते आणि वारकरी तिच्यात उतरून ते तीर्थ तोंडात घेतात. माझी आई ते पाणी बाटलीत भरून आणायची आणि देव्हाऱ्यात ठेवायची. तिला मी माझं काम कधी नीट समजावून सांगू शकलो नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या दिवसांत रात्री साडेदहाला मला विदर्भातून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो तिकडे एका महाविद्यालयात शिकवत होता आणि स्वतःहून मदतीला गेला होता. ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या विषबाधेत कोलिनएस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) दबतं. ते रक्तात किती उरलंय हे एलमनच्या पद्धतीने कळतं. डीटीएनबी हे रसायन घातलं की पिवळा रंग येतो, तो ४१२ नॅनोमीटरला मोजायचा. पद्धत त्याला पाठ होती. त्याने विचारलं ते वेगळंच, "काका, रक्त बर्फावर किती वेळ टिकतं? आणि आपण डीटीएनबी कशात विरघळवायचो, सारखं खाली बसतंय." मी सांगितलं. पाच मिनिटांचा फोन. असा फोन करायला प्रत्येक पिढीतल्या मुलांना कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी दर अकरा महिन्यांनी बदलून चालत नाही.

निधी नाही, असं आपण म्हणाल. यंत्रांना निधी येतो हे मी पाहिलं आहे. कोटीच्या घरातलं यंत्र आलं, फीत कापली गेली, आणि चालवणारा तंत्रज्ञ नाही म्हणून ते आठ महिने प्लास्टिकच्या आवरणाखाली होतं. त्याच्या वार्षिक देखभालीच्या करारावर दर वर्षी जाणारी रक्कम आणि एका सहाय्यकाचा वर्षाचा पगार, हे दोन आकडे कृपया व्यवस्थापन परिषदेच्या बैठकीत शेजारी शेजारी ठेवून पाहा.

माझं मागणं मोठं नाही. विषशास्त्राच्या प्रत्येक प्रयोगशाळेला प्रकल्पाबाहेरचा एक कायम सहाय्यक द्या आणि शासनाकडे त्या पदासाठी पुन्हा पुन्हा लिहा, एकदा लिहून थांबू नका. जाणाऱ्याने येणाऱ्याला सहा महिने बरोबर घेऊन काम शिकवावं, असा नियम करा. त्या खोलीत जो जो पाय ठेवतो, मग तो संशोधक असो की फरशी पुसणारा, त्याची वर्षातून एकदा तपासणी करा, आणि त्याचं नाव हजेरीपटावर असू द्या. गरोदर मुलीला बसून करायचं दुसरं काम द्या, तिचे पैसे न थांबवता.

रजिस्टरांच्या बाबतीत मी माझ्याकडून सुरुवात केली आहे. डिसेंबरापासून दर रविवारी त्या मुलीला घेऊन एकेका ठिकाणी जातो. मुठेवरची सहाही ठिकाणं झाली, मुळेवरची चार राहिली आहेत. प्रत्येक जागेची खूण, उतरायची वाट, पावसाळ्यात कुठून जायचं, हे ती वहीत लिहून घेते. 'मु. ४' वरचा उंबर आता नाही, रस्त्याच्या कामात गेला. म्हणून आम्ही ओढ्याच्या तोंडापासून पावलं पुन्हा मोजली आणि मोबाइलवर जागेची खूण करून ठेवली.

पद भरलं की मला कळवा. मी सहा महिने विनामोबदला येईन. सकाळी सातला येईन, अंडी गोळा करायची वेळ तीच असते.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहाय्यक
पुणे